वस्तीतला अहिंसेचा अभ्यासवर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा वर्ग दर रविवारी सकाळी वस्तीतल्या वाचनालयाच्या सभागृहात भरतो. वर्गाला येणारे, यावं की नको या विचारात असलेले आणि आपल्या गावात असाच वर्ग सुरू करू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आणि अडचणीचे नंतर. घरातल्या मारहाणीबद्दल विचारायचं असेल तर बाकी सगळं सोडून थेट प्रश्न 13 वाचा.

1. वर्गात नेमकं काय चालतं? भाषणं असतात का?

फार कमी. दोन तासांतला पहिला अर्धा तास वाचन आणि चर्चेचा असतो. एखाद्या सत्याग्रहाची हकिगत घेतो: काय मागितलं, आधी काय करून पाहिलं, समोरच्यांनी काय केलं, कुठे चुकलं. उरलेला सगळा वेळ सराव चालतो. तालमीच्या कट्ट्यावर बसून कुस्ती येत नाही, हौद्यात उतरावं लागतं. अहिंसेचंही तसंच आहे. अंगावर ओरडत येणाऱ्या माणसासमोर काय बोलायचं हे त्या क्षणी सुचत नाही, आधी घोटवलेलं असेल तेच तोंडातून निघतं. या वर्गाचं प्रयोजन एवढंच आहे, आणि पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्यापाशी येतात.

2. अहिंसा म्हणजे मुकाट सहन करणंच ना?

नाही. महाडचं उदाहरण पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा ठराव सी. के. बोले यांनी 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर करून घेतला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पण तळ्यावर कोणाला जाऊ देईनात. मग 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. हक्क अगोदरच मिळालेला होता, तो त्यांनी त्या दिवशी बजावला. याला सहन करणं कसं म्हणणार?

थोड्याच वेळात गावात अफवा उठली, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव परिषदेच्या मंडपावर चालून गेला आणि जेवत असलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या लोकांना मारहाण झाली. आपली माणसं संख्येने काही कमी नव्हती आणि त्यांच्यात लष्करात नोकरी केलेलेही होते. बदला घ्यायचा म्हटलं असतं तर महाडमध्ये त्या दिवशी काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. बाबासाहेबांनी त्यांना आवरलं आणि मारणाऱ्यांवर रीतसर फिर्याद केली. आरोपींना शिक्षाही झाली. मुकाट सहन करणारा माणूस तळ्यावर जात नाही आणि कोर्टातही जात नाही.

3. मला गांधीजी पटत नाहीत. तरी येता येईल का?

या. आमच्या वर्गात गांधींना मानणारे आहेत, आंबेडकरी चळवळीत वाढलेले आहेत, वारकरी आहेत आणि देव न मानणारेही आहेत. गांधी आणि आंबेडकर यांच्यातले मतभेद खरे होते, 1932 च्या पुणे करारानंतर ते आणखी तीव्र झाले. वर्गात ते झाकून ठेवत नाही, त्यावर चांगले वाद होतात. पण डिसेंबर 1927 च्या महाडच्या दुसऱ्या परिषदेत, जिथे मनुस्मृती जाळली गेली, त्या मंडपात फोटो गांधींचाच लावलेला होता. पुढे मार्ग वेगळे झाले म्हणून मागचा शेजार खोटा ठरत नाही. सत्याग्रहाची पद्धत कोणा एकाच्या मालकीची नाही. ती शिकायला कोणाचा भक्त व्हावं लागत नाही.

4. मी मटण-मासे खातो. चालेल का?

चालेल. कोणाच्या ताटात काय आहे हे आम्ही विचारत नाही. सहल निघाली की डबे सगळ्यांचे एकत्र उघडतात.

5. असा वर्ग सुरू करायला किती माणसं, किती जागा, किती खर्च लागतो?

आठ-दहा जण पुरेत. पंचवीसच्या वर गेलात तर सरावाच्या वेळी निम्मे लोक नुसते बघत बसतात, तेव्हा दोन गट करा. जागा शाळेचा वर्ग, समाजमंदिर, देवळाचा सभामंडप, बुद्धविहार, कुठलीही चालते. अट एकच, त्या जागी पाऊल टाकायला वस्तीतल्या कोणालाही संकोच वाटता कामा नये. काही घरांतली माणसं एखाद्या सभामंडपात कधीच येत नसतील तर तो सभामंडप सोडा.

खर्च चहाचा. एका पक्षाकडून किंवा एका मंडळाकडून पैसे घेऊ नका. पुढे त्यांच्याशीच बोलायची वेळ येते.

बायका येत नसतील तर वर्गाची वेळ चुकली आहे असं समजा. सकाळी पाणी येण्याची वेळ आणि संध्याकाळी स्वयंपाकाची वेळ टाळली की फरक पडतो.

6. तुम्ही सारखं अमेरिकेतल्या नॅशव्हिलचं नाव घेता. त्याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध नागपूरहून जातो, आणि तो महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं.

जेम्स लॉसन हा ओहायोत वाढलेला कृष्णवर्णीय तरुण. कोरियाच्या युद्धात लढायला नकार दिला म्हणून तुरुंगात जाऊन आला. 1953 मध्ये मेथडिस्ट चर्चच्या कामासाठी तो नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला आणि तीन वर्षं राहिला. मुलांना खेळ शिकवायचा, सत्याग्रहाचा अभ्यास करायचा आणि गांधींबरोबर काम केलेल्या माणसांना भेटायचा. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरीत बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांचा बस-बहिष्कार सुरू झाला, त्याची बातमी त्याने नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. परत गेल्यावर फेब्रुवारी 1957 मध्ये त्याची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली. किंग म्हणाले, अमेरिकेच्या दक्षिणेत ये, आत्ताच ये.

1958 मध्ये लॉसन नॅशव्हिलला गेला आणि चर्चच्या इमारतीत अहिंसेचे वर्ग घेऊ लागला. 1959 मध्ये त्यात कॉलेजची मुलं-मुली आली: डायान नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफाएट, जेम्स बेव्हल. शहरातल्या मोठ्या दुकानांत कृष्णवर्णीयांनी खरेदी करायची, पण तिथल्या खाण्याच्या काउंटरवर बसायचं नाही, असा शिरस्ता होता. मुलांनी महिनोन् महिने सराव केला. काही जण गोऱ्या गुंडांची भूमिका घ्यायचे, शिव्या द्यायचे, ढकलायचे, खुर्ची ओढायचे. बाकीचे शांत बसून राहायला शिकायचे. वर्षअखेरीला दोन दुकानांत जाऊन त्यांनी नुसतं विचारून पाहिलं. नकार मिळाला, आभार मानून ते निघून आले.

13 फेब्रुवारी 1960 रोजी 124 विद्यार्थी काउंटरवर जाऊन बसले. 27 फेब्रुवारीला त्यांना मारहाण झाली, अंगावर सिगारेटी विझवल्या गेल्या, आणि पोलिसांनी मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्या 81 जणांना पकडलं. एक तुकडी उठवली की दुसरी त्याच जागी येऊन बसत होती. लॉसनला तो शिकत होता त्या विद्यापीठाने काढून टाकलं. कृष्णवर्णीयांनी त्या दुकानांत खरेदी बंद केली. 19 एप्रिलला त्यांच्या वकिलाच्या घरावर बाँब पडला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा मुकाट्याने पालिकेवर गेला आणि पायऱ्यांवर डायान नॅशने महापौरांना सरळ विचारलं: माणसाचा रंग बघून त्याला वाढायचं की नाही हे ठरवणं तुम्हाला स्वतःला योग्य वाटतं का? ते म्हणाले, नाही. 10 मेपासून सहा दुकानांनी काउंटर खुले केले.

लॉसन 2024 च्या जूनमध्ये गेले. आम्ही वर्गात ज्या पद्धतीने सराव घेतो ती त्यांच्या वर्गातून आलेली आहे.

7. सराव म्हणजे नक्की काय करता? पहिल्यांदाच येणार आहे, थोडी धास्ती वाटते.

मुख्य सराव समोरासमोरच्या दोन रांगांचा. एक प्रसंग घेतो, समजा पाण्याचा टँकर आला आहे. एका रांगेतला प्रत्येक जण नंबर मोडून पुढे घुसणारा. समोरच्या रांगेतला प्रत्येक जण आपला हंडा घेऊन उभा असलेला. मध्ये एका हाताचं अंतर. शिट्टी वाजली की घुसणाऱ्यांनी ओरडायचं, "बाजूला हो, तुझा नंबर कुणी लावला?" आणि हंडेवाल्यांनी हात न उगारता, शिवी न देता आपली जागा राखायची. दीड मिनिट झालं की पुन्हा शिट्टी.

मग सगळे जागच्या जागी थांबतात आणि प्रत्येकाने स्वतःच्या अंगाकडे बघायचं. खांदे कुठे गेलेत? मुठी वळल्यात का? आवाज चढला का? नवीन माणूस बहुधा हंड्याचा काठ बोटं पांढरी होईस्तोवर धरतो आणि एक पाऊल मागे सरकलेला असतो, आणि ते त्याला कळलेलंही नसतं. आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची होते. भीती वाटली की चेहऱ्यावर हसू येतं. समोरच्याला वाटतं, हा आपली टर उडवतोय, आणि तो आणखी चिडतो. नॅशव्हिलच्या मुलांना जी नियमांची यादी दिलेली होती तिच्यात उलटून मारू नका आणि शिवी देऊ नका यांच्या बरोबरीने मोठ्याने हसू नका असंही लिहिलेलं होतं. हा नियम तिथे का आला ते रांगेत उभं राहिल्यावर कळतं.

दुसऱ्या फेरीत पाय खांद्याएवढे रोवायचे, हात समोरच्याला दिसतील असे ठेवायचे, नजर डोळ्यांना भिडवायची आणि एकच छोटं वाक्य सावकाश बोलायचं. वर्गातल्या एका ताईंचं वाक्य आता सगळ्यांचं झालं आहे: "दादा, तुमच्या आधी सहा हंडे आहेत. तुमचा नंबर आला की मी उचलू लागते." नियम सोडलेला नाही आणि माणूसही तोडलेला नाही.

नंतर भूमिका बदलतात. ओरडणाऱ्याच्या जागी उभं राहून जे शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. समोरच्याने मान खाली घातली की आपला जोर वाढतो, तो शांतपणे डोळ्यांत बघून बोलू लागला की आवाज कुठे न्यावा ते कळत नाही, असं बहुतेक जण सांगतात. सोसवेनासं झालं तर "थांबा" म्हणायचं. तो शब्द आला की सराव तिथल्या तिथे बंद, कारण विचारलं जात नाही. कोणाच्याही अंगाला त्याच्या परवानगीशिवाय हात लावत नाही. पहिल्या दिवशी नुसतं बघायला बसलात तरी चालेल.

8. सरावात खऱ्या शिव्या देता का? जातीवरून, धर्मावरून?

नाही. नॅशव्हिलच्या वर्गात वंशावरून दिल्या जाणाऱ्या शिव्या सरावात मुद्दाम वापरल्या जात, कारण काउंटरवर नेमक्या त्याच ऐकाव्या लागणार होत्या आणि ऐकणारे बहुतेक एकाच समाजाचे, स्वतःहून तयार झालेले होते. आमचा गट मिश्र आहे. ज्याने या शिव्या शाळेपासून ऐकल्या आहेत त्याला रविवारी सकाळी शेजाऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकवण्यात कसलं शिक्षण? आणि ज्याने त्या कधी ऐकल्या नाहीत त्याच्या तोंडी त्या बसवण्यात तर काहीच शहाणपण नाही. आम्ही "अरे ए", "निघ इथून", "तुझी लायकी काय" एवढ्यावरच थांबतो. राग यायला तेवढं पुरतं.

कोणी वर्गाबाहेर जातिवाचक शिवीगाळ केली तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार करणं हा पूर्णपणे अहिंसक मार्ग आहे. तक्रार केली म्हणून तुम्ही तत्त्व सोडलं असं कोणी म्हणत असेल तर त्याला प्रश्न 2 वाचायला द्या.

9. मला पटकन राग येतो. माझ्यासारख्याचं इथे काय काम?

तुमच्यासारख्यांचंच काम आहे. अन्याय बघून ज्याला काहीच होत नाही त्याला सत्याग्रह शिकवता येत नाही. राग येणं थांबवायला आम्ही सांगत नाही. राग आल्यावर पहिली तीन-चार वाक्यं कोणती बोलायची, कोणाला सोबत घ्यायचं आणि कधी तिथून बाजूला व्हायचं, हे ठरवून ठेवायला सांगतो.

10. मोठे सत्याग्रह ठीक आहेत. सोसायटीतल्या, गल्लीतल्या भांडणांत याचा काय उपयोग?

तिथेच जास्त. समजा गणपतीत मंडळाचा डीजे रात्री उशिरापर्यंत वाजतो आणि शेजारच्या इमारतीत हृदयविकाराचे आजोबा आहेत. नेहमीचे दोन मार्ग म्हणजे खिडकी लावून घेणं किंवा रात्री अकराला खाली जाऊन आरडाओरडा करणं. दोन्हींनी डीजे थांबत नाही.

किंग यांनी 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मोहिमेच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: खरी माहिती जमवणं, वाटाघाट, स्वतःची शुद्धी आणि मग प्रत्यक्ष कृती. डीजेला त्या जशाच्या तशा लागू पडतात. माहिती म्हणजे त्रास नक्की किती घरांना होतो, मंडळाचा परवाना काय म्हणतो, आणि रात्री दहानंतरचा ध्वनिप्रदूषणाचा नियम काय आहे. वाटाघाट उत्सवाच्या महिनाभर आधी, वर्गणी देताना, अध्यक्षांच्या घरी चहा पिताना करायची. ती मांडवात, दहा पोरांसमोर करायची नाही, कारण तिथे कोणालाच मागे हटता येत नाही. शुद्धी म्हणजे स्वतःला विचारायचं: आपल्या घरच्या लग्नात आपण काय केलं होतं? आपल्याला आवाज कमी हवा आहे की त्या मुलांची जिरवायची आहे? कृती म्हणजे इतकं करूनही ऐकलं नाही तर पन्नास घरांनी मिळून वर्गणी नाकारणं, किंवा सगळ्यांनी सह्या करून, मंडळाला आधी कळवून पोलिसांत तक्रार करणं.

माणसं पहिल्या तीन पायऱ्या गाळून थेट चौथीवर जातात. वर्गात सगळ्यात जास्त वेळ आम्ही पहिलीवर घालवतो.

11. मुलांना आणू का?

बारा वर्षांच्या पुढची आणा. दोन रांगांचा सराव त्यांना वेगळा देतो, प्रसंग खेळाच्या मैदानातले. शाळेत किंवा शिकवणीत मूल मार खात असेल, किंवा कोणी त्याला नको तसा हात लावत असेल, तर तो सरावाचा विषय नाही. मोठ्यांनी लगेच मध्ये पडायचं. बालकांसाठी 1098 हा क्रमांक आहे.

12. कोणी खरोखरच अंगावर हत्यार घेऊन आला तर?

जीव वाचवा. पळा, ओरडा, लोक गोळा करा, 112 ला फोन लावा. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे, भारतीय न्याय संहितेत तो कलम 34 ते 44 मध्ये आहे, आणि वर्गात येऊन तुम्ही तो सोडून दिलेला नसतो. सत्याग्रही मार खातो तो त्याने आधी ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या मागणीसाठी, सोबत्यांसह आणि लोकांच्या डोळ्यांदेखत. अंधाऱ्या रस्त्यावरचा चाकूहल्ला हा सत्याग्रह नाही आणि तिथे आम्ही कोणाकडून तशी अपेक्षा करत नाही. हाच फरक घरातल्या हिंसेलाही लागू आहे, तो पुढच्या प्रश्नात.

13. नवरा मारतो. अहिंसेने त्याचं मन बदलेल का?

ताई, आधी सुरक्षित जागी जा. त्याचं मन बदलायची जबाबदारी तुमची नाही.

अहिंसेच्या नावाखाली बायकांना "सोसत राहा, एक दिवस त्याला कळेल" असं सांगितलं जातं. आम्ही हे कधीही, कोणालाही सांगत नाही, आणि वर्गात कोणी म्हटलं तर तिथेच थांबवतो. सत्याग्रहात माणूस दुःख आपल्या निर्णयाने पत्करतो. बंद दाराआडच्या मारहाणीत निर्णय दुसऱ्याचा असतो. तुम्ही गप्प राहिलात तर हिंसा चालू राहते, म्हणजे गप्प राहणं अहिंसेच्या विरुद्धच जातं.

तातडीने 112 किंवा महिलांसाठीचा 181 लावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. त्या कायद्याने संरक्षणाचा आदेश, त्याच घरात राहण्याचा हक्क आणि खर्चाची रक्कम मागता येते. पोलीस ठाण्यात एकटीने जायला धीर होत नसेल तर वर्गातल्या दोघी तुमच्याबरोबर येतात. तुम्ही वर्गाला कधी आला नसाल तरी येतात. समेट करायला आमच्यातलं कोणीही तुमच्या घरी जाणार नाही.

14. मोर्चा-धरण्याला परवानगी लागते का? जमावबंदी किंवा कोर्टाची मनाई असेल तर?

पोलिसांना आधी लेखी कळवा आणि पोच घ्या. शहरांत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली आदेश वारंवार निघतात, आणि पूर्वीचं 144 कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 163 झालं आहे. आदेश स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

मनाई असताना काय करायचं याला एकच उत्तर नाही. मे 1930 मध्ये शिरोड्याला लोकांनी मिठाचा कायदा उघडपणे मोडला आणि तुरुंग पत्करला. डिसेंबर 1927 मध्ये महाडला मात्र उलट घडलं. विरोधकांनी तळं खाजगी असल्याचा दावा करून कोर्टातून मनाई आणली होती. हजारो लोक पाणी भरायच्या तयारीने आले होते, नावनोंदणी झाली होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावून पाणी भरणं पुढे ढकललं, लोक तळ्याला मिरवणुकीने वळसा घालून परतले आणि खटला चालवला. निकाल लागायला 1937 उजाडलं, मुंबई उच्च न्यायालयाने तो त्यांच्या बाजूने दिला. ज्या न्यायालयातून हक्क मिळवायचा आहे त्याचाच आदेश मोडावा का, याचा त्यांनी विचार केला. तुमच्या प्रसंगात काय योग्य ते तुमच्या वकिलाशी बोलून ठरवा. मोडायचंच ठरलं तर नाव लपवायचं नाही, पळायचं नाही, जामिनाची आणि घरच्यांची सोय आधी करायची.

15. उपोषणाला बसावं का?

बहुतेक वेळा नाही. लोक पहिल्याच दिवशी उपोषण काढतात, तो शेवटचा उपाय आहे. साने गुरुजींनी पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1 ते 10 मे 1947 उपोषण केलं, पण त्याआधी ते महिनोन् महिने महाराष्ट्रभर फिरले, सभा घेतल्या, लोकांचं मन वळवलं. ते ज्यांच्यासमोर उपाशी बसले तो वारकरी समाज त्यांचा स्वतःचा होता. तुमच्या जिवाची ज्याला पर्वा आहे त्याच्यासमोरच उपोषणाला अर्थ असतो. मधुमेह, रक्तदाब असेल, गरोदरपण असेल तर विषयच सोडा.

16. आमच्या मोर्चात एकाने दगड मारला. बाकीच्या पाचशेंचं काय?

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो एक दगडच असतो. 4 फेब्रुवारी 1922 रोजी चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवलं, आतले पोलीस मारले गेले, आणि गांधींनी देशभरचं आंदोलन थांबवलं. तो निर्णय बरोबर होता का यावर आमच्या वर्गात दर वेळी दोन तट पडतात. मला तो जड पण बरोबर वाटतो. थांबवण्याची वेळ येऊ नये यासाठीची तयारी मात्र सगळ्यांना मान्य आहे: दर वीस-पंचवीस माणसांमागे एक ओळखीचा स्वयंसेवक, त्याच्या दंडाला पट्टी, निघण्यापूर्वी नियम मोठ्याने वाचून सगळ्यांकडून होकार, आणि ज्याचं डोकं तापलं आहे त्याला दोघांनी पाण्याच्या निमित्ताने बाजूला नेणं.

डिसेंबर 1990 मध्ये नर्मदा खोऱ्यातली माणसं बडवानीजवळच्या राजघाटाहून सरदार सरोवराकडे चालत निघाली. गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला त्यांना अडवलं. तिथे सत्याग्रहींच्या तुकड्या स्वतःचे हात बांधून पुढे जात होत्या. ते हात समोरच्या पोलिसांना दिसत होते, तसेच आपल्या माणसांनाही.

17. माणसाला इजा न करता मालमत्तेचं नुकसान केलं तर ती हिंसा का?

वर्गात यावर एकमत नाही. आमचा नियम मात्र पक्का आहे: वर्गाच्या नावाने कुठलीही तोडफोड नाही. जळणाऱ्या बसमध्ये कोणी झोपलेलं नाही याची खात्री जमाव देऊ शकत नाही. तोडफोड करणाऱ्याला तोंड लपवावं लागतं, आणि लपलेल्या माणसाशी वाटाघाट होत नाही.

मुळशीचा इतिहास इथे वाचण्यासारखा आहे. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट पुढे होते. माणसं बांधाच्या कामावर जाऊन बसली, तुरुंगात गेली. मोबदला घ्यायचा की जमीन सोडायचीच नाही या वादात आंदोलन थकत गेलं. 1924 च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाच्या आगगाडीवर सशस्त्र हल्ला केला, स्वतःहून पकडले गेले आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या त्यागाबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि हल्ल्यानंतर सोबत उभे राहणारे लोक वाढले नाहीत.

18. समोरच्याला लाजच नसेल तर? अहिंसा फक्त सभ्य माणसांपुढे चालते ना?

21 मे 1930 रोजी धारासन्याच्या मिठागरावर रांगेने पुढे गेलेल्या स्वयंसेवकांच्या डोक्यांवर लाठ्या पडल्या, त्यांनी हातही वर केले नाहीत. मारणारे थांबले नाहीत आणि मिठाचा करही लगेच उठला नाही. म्हणजे मारणाऱ्याला लाज वाटेल यावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, तुमचं खरं आहे.

पण मारणारा एकटा नसतो. त्याला हुकूम पाळणारे, माल विकत घेणारे, कागद पुढे सरकवणारे आणि नुसतं बघत उभे राहणारे लागतात. 23 एप्रिल 1930 रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात खुदाई खिदमतगारांच्या, म्हणजे खान अब्दुल गफार खान यांच्या अहिंसक पठाण स्वयंसेवकांच्या निःशस्त्र गर्दीवर गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं पडत होती. इंग्रजांच्या लष्करातल्या गढवाल रायफल्सच्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या सोबत्यांनी गोळी झाडायला नकार दिला आणि त्यासाठी लांबलचक तुरुंगवास भोगला. नॅशव्हिलमध्ये दुकानदारांचं हृदय किती बदललं कोण जाणे, गल्ला मात्र नक्की बदलला. आपल्या प्रश्नात समोरच्याचा आधार कोण आहे हे आधी शोधा, आणि त्या आधाराशी बोला.

19. वर्षानुवर्षं करूनही यश आलं नाही तर? सोडून देणं म्हणजे हार का?

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 रोजी सुरू झाला. मोर्चा मंदिरापाशी पोहोचला तेव्हा दारं बंद होती. दादासाहेब गायकवाडांनी तो चिकाटीने चालवला. रामनवमीला रथ ओढण्यावरून ठरलेला करार मोडला गेला, दगडफेक झाली, खुद्द बाबासाहेबांना लागलं. अटका होत राहिल्या, नाशिकच्या आसपासच्या गावांत सत्याग्रहींच्या घरच्यांना काम आणि वाट नाकारली गेली. पाच वर्षं झाली तरी दार उघडलं नाही.

3 मार्च 1934 च्या पत्रात बाबासाहेबांनी गायकवाडांना कळवलं की देवळात जाऊन लोक मूर्तिपूजक व्हावेत हा आपला हेतू कधीच नव्हता. लोकांत चेतना आणायला आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव करून द्यायला तो मार्ग सगळ्यात चांगला वाटला होता. ते काम झालं आहे, आता बळ राजकारण आणि शिक्षणाकडे वळवावं. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि काळारामचा सत्याग्रह थांबवण्यात आला.

म्हणून वर्गात कुठलीही मोहीम घेण्याआधी दोन गोष्टी वहीत लिहून घेतो: काय मिळालं की थांबायचं, आणि काय मिळालं नाही तरी कधी थांबून दुसरीकडे वळायचं. तारखेसकट लिहितो, खाली सगळ्यांच्या सह्या.